बाबांचं कपाट आणि एक इंग्रजी क्रियापद

आमच्या घरात 'ॲडजस्ट करणे' हे क्रियापद दोन माणसं वापरत, आणि त्याच्या अर्थाबद्दल त्यांचं मुळीच जमत नसे. माझे वडील घड्याळजी. त्यांच्या लेखी ॲडजस्ट फक्त घड्याळ होतं. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास रोखायचा, चिमट्याने आतली केसाएवढी पट्टी जराशी सरकवायची. घड्याळ मागे पडत असेल तर इकडे, पुढे पळत असेल तर तिकडे. झालं ॲडजस्ट. माझी बायको शाळेत शिक्षिका. तिच्या लेखी घड्याळ सोडून जगातलं बाकी सगळं ॲडजस्ट होतं. अचानक आलेले पाहुणे, रद्द झालेल्या सुट्ट्या, बाकावर बसवायचं जास्तीचं मूल आणि नवरा. मी स्वतः हे क्रियापद कधी वापरलं नाही. ते माझ्यावर वापरलं जाई.

बाबांनी दुकान सोडायचं ठरवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. हात अजून स्थिर होता, पण गुडघे ऐकेनासे झाले होते, आणि दुकानामागच्या खोलीत त्यांनी एकट्याने राहावं हे आम्हाला बघवत नव्हतं. आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो. बाबा म्हणाले, "येतो. पण कपाट माझ्याबरोबर येईल."

"अहो बाबा, त्यात काय विचारायचं?" ही म्हणाली. "करू की ॲडजस्ट!"

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कपाट ॲडजस्ट कसं करतात, हे त्यांना कळेना.

कपाट म्हणजे साधं कपाट नव्हे. ते बाबांचं दुकानच होतं. भोवतालच्या भिंती नुसत्या सोबतीला होत्या. डाव्या अर्ध्या भागात वरपासून खालपर्यंत छोटे छोटे खण, प्रत्येकाला पितळी मूठ, आणि आत कुठल्या कुठल्या बंद घड्याळांचे सुटे अवयव. उजवीकडे एकच उंच कप्पा आणि त्याला माणसाएवढं दार. दुरुस्त झालेली लंबकाची घड्याळं बाबा त्या कप्प्यात टांगत, दार लावत आणि दाराला कान लावून उभे राहत. लहानपणी मला वाटायचं की बाबा कपाटाशी बोलतात. मोठेपणी खात्रीच झाली. कपाटाच्या डोक्यावर एक नक्षीदार पट्टी होती, चांगली वीतभर पुढे आलेली. या पट्टीकडे वाचकांनी लक्ष ठेवावं. मी ठेवलं नाही.

दुकान ज्याने घेतलं, तो भला माणूस निघाला. निरोप घेताना तो बाबांना म्हणाला, "काका, तिकडे नाहीच जमलं तर कपाट घेऊन सरळ परत या. त्या कोपऱ्यात ठेवू. तुम्हीही बसा, मागची खोली आहेच." बाबांनी मान हलवली. मला त्या माणसाचा भलेपणा अजिबात आवडला नाही. कपाट जिथे राहील तिथे बाबा राहतील, एवढं मला त्याच क्षणी समजलं.

तेव्हा कपाट आमच्या घरात बसायलाच हवं होतं, आणि ते काम माझं होतं. मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. लोकांच्या बांधाचे पिढीजात तंटे माझ्या साखळीने मिटत. कधीकधी सुरूही होत, पण तो वेगळा विषय आहे. मी कपाटाची उंची, रुंदी, खोली मोजली. आमच्या जिन्याची रुंदी मोजली. घराचं दार मोजलं. आतल्या खोलीतली जी एकमेव मोठी भिंत होती, तीही मोजली. तिथे हिचं टेबल होतं. वह्या तपासायचं, लग्नाआधीपासूनचं. ते तिने शाळेतल्या एका बाईंना देऊन टाकलं. मी विचारलं, "मग तुझं काय?" ती म्हणाली, "मी करेन ॲडजस्ट." मी लगेच ते पटवून घेतलं. अशा बाबतीत मी फार समजूतदार होतो.

सगळं बसत होतं. वर बोटभर जागा उरत होती. "खात्याच्या माणसाने मोजलंय," असं मी बायकोला म्हणालो, तेही जरा घसा खाकरून. मोजायचं राहिलं ते फक्त जिन्याचं वळण. त्यात माझा काय दोष? मी जन्मभर जमीन मोजली, आणि जमीन वळत नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट तिरकं झालं, करकरलं आणि थांबलं. डोक्यावरची ती पट्टी वरच्या जिन्याच्या पोटात रुतली होती. खालचा पाय कठड्याच्या दोन गजांमध्ये शिरला होता. हमालांनी आधी वर ओढलं, मग खाली ओढलं, मग अर्धे वर आणि अर्धे खाली ओढू लागले, तेव्हा मी मध्ये पडलो. शेवटी त्यांच्यातला म्होरक्या घाम पुसत म्हणाला, "साहेब, हे आता इथलंच झालं."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण अपुरं होतं. कपाटाने जिना भिंतीपासून कठड्यापर्यंत बंद करून टाकला होता. खालचे खाली राहिले आणि वरचे वर. वरच्यांत दोन हमाल होते, समोरच्या घरातल्या मावशी होत्या, आणि चौथ्या मजल्यावर राहणारे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते ऑफिसला निघाले होते. खालच्यांत मी होतो, बाबा होते, आणि दुर्दैवाने कर्नलही होते.

कर्नल दुसऱ्या मजल्यावर राहत. फौजेशी त्यांचा काही संबंध नव्हता. उभी हयात पोस्टात गेली होती. पदवी मिशीमुळे मिळालेली. त्यांना जिन्याने वर जायचं कधीच कारण नसे, त्यामुळे कपाटाचा त्यांना काडीचा त्रास नव्हता आणि सल्ला द्यायला मन मोकळं होतं. त्यांनी काठीने कपाटावर दोनदा ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "लाकूड फुगलंय. थंडी पडू द्या. आकसेल आणि आपोआप खाली येईल."

"आणि मी?" कपाटामागून सेक्रेटरींचा आवाज आला. "मी थंडी पडेपर्यंत ऑफिसला जाऊ नको?"

"जरा ॲडजस्ट करा हो," कर्नल म्हणाले.

कोपऱ्यावरचा सुतार आला. 'टेन्शन नाही घ्यायचं' हे त्याचं पालुपद. तो पाना, पटाशी आणि हातोडी घेऊन कपाटाच्या उंच कप्प्यात शिरला आणि आतून दार लावून घेतलं. दार का लावलं, ते त्यालाच ठाऊक. आत बराच वेळ ठोकाठोकी चालली. मग कपाटाची पाठ निखळली आणि सुतार पलीकडून बाहेर पडला. सेक्रेटरी आधी मागे सरकले, मग त्यांनी घड्याळ पाहिलं, बॅग छातीशी धरली, मान वाकवून कपाटात शिरले आणि दार उघडून खाली आले. मागोमाग दोन हमाल आले. त्यांच्या हातात मावशींनी दिलेला चहा होता.

अशा रीतीने आमच्या इमारतीत कपाटातून रहदारी सुरू झाली.

मला वाटलं होतं, एक दिवस चालेल हे. पण लोकांना माणसाच्या अडचणीपेक्षा नवलाईचं आकर्षण जास्त. दोन दिवसांत रहदारीचे नियम तयार झाले. उतरणाऱ्याने आधी. हातात पिशव्या असतील तर त्याच्याही आधी. मावशी प्रत्येक वेळी आत शिरण्यापूर्वी दारावर टकटक करून विचारत, "आहे का कुणी?" सेक्रेटरींनी भिंतीवर पाटी लावली: 'कपाटातून गेल्यावर दार लोटून घ्यावे.' लवकरच खाली दुसरी ओळ आली: 'कपाटात उभे राहून गप्पा मारू नयेत.' ही ओळ मावशींसाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं. मावशींनीच ती मला वाचून दाखवली आणि विचारलं, "कोण असेल हो ही बाई?"

आणि बाबा? बाबांनी पहिल्याच दिवशी कपाटाभोवती एक फेरी मारायचा प्रयत्न केला, ती अर्धवट राहिली. मग त्यांनी खणांना हात लावून पाहिला. खण उघडत होते. त्यांनी माझ्याकडून स्टूल मागून घेतलं, वळणावर कपाटापुढे मांडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बसले.

"बाबा, वर चला ना," मी म्हणालो.

"कपाट वर आलं की मी आलोच," ते म्हणाले.

रात्री झोपायला आणि जेवायला ते वर येत, पण पाहुण्यासारखे. ताट पुढे केलं की 'बास, बास'. पंखा हवा का विचारलं की 'तुम्हाला हवा असेल तर'. कशाला म्हणून नावं ठेवत नसत. त्यांची बॅग पलंगाखाली बंदच असे. रोज सकाळी त्यातून कपडे काढत आणि रात्री घडी करून परत त्यात ठेवत. ही एकदा म्हणाली, "बाबा, कपडे कपाटात लावून देऊ का?" बाबा म्हणाले, "कपाट जिन्यात आहे." त्या रात्री ही मला म्हणाली, "अहो, ते जातील हं परत. मला दिसतंय." मलाही दिसत होतं.

दिवसा मात्र जिन्यात मोठी चहलपहल. कपाटातून जाणारा प्रत्येक माणूस बाबांसमोर उभा राही, आणि प्रत्येकाच्या घरी कुठलं ना कुठलं बंद घड्याळ असतंच. मावशींनी मिस्टरांचं मनगटी घड्याळ आणलं. कर्नलांनी गजराचं आणलं. ते वाजायचं थांबत नव्हतं आणि त्यांच्या मते त्यात फौजी बाणा होता. खालच्या मजल्यांवरचे लोकही काही काम नसताना वर येऊ लागले. पायरीवर बसून लोक बाबांच्या हातांकडे बघत राहत. मी कामावरून थकून यावं तर जिन्यात मैफल, आणि कपाटात शिरायला मला रांग लावावी लागे. माझ्याच वडिलांचं, माझ्याच जिन्यातलं, मीच मोजलेलं कपाट! पण रांगेत कुणी ओळख दाखवत नाही.

कठड्याचे दोन गज कापले तर कपाट मोकळं होईल, असं सुतार म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, कठडा सामाईक आहे, नगरपालिकेची लेखी परवानगी आणा. म्हणून मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात गेलो. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला.

"कपाटाला दार आहे?"

"आहे."

"दारातून माणसं जा-ये करतात?"

"नाइलाजाने करतात."

"पलीकडून बाहेर पडता येतं?"

"पाठ काढलीय ना."

"मग हे कपाट नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "हे बांधकाम आहे. विनापरवाना. आधी ते नियमित करून घ्या, मग कठड्याचं बघू."

मी म्हणालो की मीही सरकारी माणूस आहे, मोजणी खात्यातला. तो म्हणाला, "मग तुम्हाला तर माहीत असायला हवं." हे वाक्य मला इतकं लागलं की मी जिना उतरताना पायऱ्या मोजत उतरलो.

पुढच्या आठवड्यात तो कारकून जागेची पाहणी करायला स्वतः आला. खालून वर गेला, वरून खाली आला, दार लोटून घेतलं. बाबांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढे पळतंय. काढा." त्याने काढून दिलं. बाबांनी तिथल्या तिथे ॲडजस्ट करून दिलं. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे हलवू नका हो. फार छान झालंय." परवानगी काही आली नाही.

मग सुताराने साबणाचा उपाय काढला. पट्टीला आणि गजांना साबण चोपडायचा, म्हणजे कपाट सटकन निसटेल. टेन्शन नाही घ्यायचं. साबण चोपडला, चौघांनी रेटलं, आणि कपाट खरंच सटकन निसटलं. बोटभर वर गेलं आणि तिथे पूर्वीपेक्षा घट्ट बसलं. निसटलेला साबण पायऱ्यांवर सांडला. त्याच वेळी कर्नल सल्ला द्यायला वर येत होते. ते घसरले आणि बसल्या बसल्या थेट स्वतःच्या दारापर्यंत पोचले. लागलं काही नाही, पण नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी फक्त काठीच्या खुणांनी बोलत होते.

असंही चाललं असतं आणखी काही दिवस. पण एके दिवशी सेक्रेटरींकडे नवा फ्रिज आला.

फ्रिज वळणापर्यंत आला आणि कपाटासमोर उभा राहिला. माणसं कपाटातून जात, फ्रिज जाईना. सेक्रेटरींनी त्याच्या खोक्यावर हात ठेवला. इतके दिवस वाकून वाकून ऑफिसला जाणारा माणूस होता तो. पाट्या लिहिण्यापलीकडे त्याने कधी तक्रार केली नव्हती. पण प्रत्येकाची एक हद्द असते. मोजणी खात्यात राहून मला तेवढं तर कळत होतं. संध्याकाळी जिन्यातच सभा भरली. वरचे लोक वरच्या पायऱ्यांवर, खालचे खालच्या, मध्ये कपाट. त्याचं दार सताड उघडं ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना ऐकू जाईल. ज्याला बोलायचं तो कपाटात डोकं घालून बोले.

"माझं कुणाशी भांडण नाही," कपाटातून सेक्रेटरी म्हणाले. "पण उद्या कपाट कापून वर न्या, नाहीतर कापून खाली न्या. जिना मोकळा करा."

"कापायचं म्हणजे मधोमध," सुतार म्हणाला. "टेन्शन नाही."

बाबा स्टुलावर बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मावशी हळूच म्हणाल्या, "काका, जरा ॲडजस्ट करून घ्या ना." मग कुणीतरी खालून तेच म्हणालं, मग वरून कुणी. सगळे प्रेमानेच म्हणत होते. त्यामुळे ते जास्त वाईट वाटत होतं.

बाबांनी भिंग काढून खिशात ठेवलं. "काटा मागेपुढे करताना मी कधी घड्याळाला विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्हीही मला विचारू नका. पण मधोमध कापलेलं कपाट मला नको. सुताराला म्हणावं, पट्टीखाली करवत घाल, डोकं काढून टाक आणि खाली उतरव. तेवढ्याने खाली निघेल, वर मात्र वळणार नाही. मी परत जातो त्याला घेऊन. तिकडे कोपरा आहे."

कर्नलांनी काठी उचलली आणि परत खाली टेकली. जो दिवस मी इतके दिवस टाळत होतो, तो समोर येऊन उभा राहिला होता. बाबा उठले, वाकून कपाटातून वर गेले. बॅग आणायला. मी त्यांच्या मागे गेलो.

घरात ही वह्या तपासत होती. परीक्षा संपल्या होत्या. गठ्ठे आले होते. तिने इस्त्रीची घडीची फळी उभी केली होती आणि तिच्यावर वह्या ठेवून उभ्याने तपासत होती. बाबा रोज रात्री उशिरा वर येत आणि तोवर तिने ती फळी मिटवून ठेवलेली असे. हे दृश्य त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते दारात थांबले.

"तुझं टेबल कुठाय?"

"दिलं ना, बाबा."

"का?"

तिने लाल पेन कानामागे खोचलं. "तिथे कपाट यायचं होतं."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. टेबल होतं तिथे भिंतीचा रंग अजून उजळ होता, खाली फरशीवर पायांच्या चार खुणा होत्या. मधली सगळी जागा रिकामी, झाडून-पुसून ठेवलेली. इतके दिवस ती जागा तशीच होती. तिथे तिने एक खुर्चीसुद्धा मांडली नव्हती.

"मग तू इतके दिवस अशीच उभी?"

"करते हो मी ॲडजस्ट," ती हसून म्हणाली. "सवय आहे मला."

बाबा बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे होते. बंद घड्याळ हातात आलं की ते उघडण्याआधी नुसतं धरून बसत, तसे. मग बॅगेला हात न लावता खाली गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "अरे, हे तू मला सांगायचं नाहीस?" मी कपाट मोजलं होतं, जिना मोजला होता, तीच भिंत फूटपट्टी लावून मोजली होती. ते वाक्य मला कारकुनाच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं, आणि अजूनही लागतं.

जिन्यात सभा अजून बसलेली होती. बाबांनी सुताराकडे हात पुढे केला. "करवत दे."

"डोकं काढायचं ना, काका?"

"नाही. मधोमध कापायचं." त्यांनी वरच्या खिशातली पेन्सिल काढली, खणांचा भाग आणि उंच कप्पा यांच्या मधल्या फळीवर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. "खणांचा भाग माझा. उंच कप्पा आडवा करायचा, त्याला पाय लावायचे, वर फळी टाकायची. टेबल होईल. बसून काम करायचं टेबल."

मग ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "पण आधी खण रिकामे केले पाहिजेत. आतलं इकडचं तिकडे होता कामा नये. धरा."

तो देखावा मी कधी विसरणार नाही. बाबा एकेक खण ओढून काढत होते आणि एकेकाच्या हातात देत होते. जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर आमची अख्खी इमारत एकेक खण दोन्ही हातांत धरून उभी होती. मावशींकडे केसाएवढ्या स्प्रिंगा. सेक्रेटरींकडे मिनिटकाटे. कारकून कुठूनसा तिथे येऊन पोचला होता, त्याच्या हातात इवलीशी दातेरी चाकं. कुणी हलत नव्हतं, श्वास घ्यायलाही लोक तोंड बाजूला करत होते. बाबा दर खणाबरोबर बजावत होते, "सरळ धरा. सरळ." करवतीचा पहिला हात त्यांनी स्वतः मारला. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. माझेच भरून आले.

आणि अर्ध्यावर करवत पोचली असताना कर्नलांना लाकडाच्या भुशाने शिंक आली. शिंक मिशीला साजेशी होती. त्यांच्या खणातले तासकाटे उडाले आणि जिनाभर पसरले. मग खण पायरीवर ठेवायला जागा नाही, म्हणून निम्मे लोक शेजाऱ्याचाही खण सांभाळत उभे राहिले आणि बाकीचे गुडघ्यांवर बसून पायऱ्या चाचपू लागले. सेक्रेटरी फ्रिजच्या खोक्याखाली हात घालून म्हणत होते, "सापडला! एक सापडला!" जणू काटे त्यांच्याच घरचे होते. किती सापडले आणि किती हरवले हे बाबांनी कुणाला सांगितलं नाही. "सगळे आले," असं म्हणाले आणि खण बंद केला.

कपाटाचे दोन भाग वर गेले. जिना मोकळा झाला. त्यानंतरही कितीतरी महिने त्या वळणावर आलं की लोक मान खाली घालत. सेक्रेटरी तर कुणाशी बोलत येत असले तरी बोलता बोलता वाकायचे आणि पुढे जायचे. मावशी क्वचित हवेत टकटक करायच्या. आता ती इमारत नाही, त्या जागी भली उंच, लिफ्टवाली इमारत आहे. कर्नल नाहीत, बाबाही नाहीत. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे न बघता दाराकडे तोंड करून उभे राहतात. दिवसातून दोनदा वाकून एकमेकांच्या समोर यावं लागत होतं, तेव्हा आम्ही केवढे चिडलो होतो! आणि आज मला ती चिडचिडसुद्धा हवीशी वाटते.

पण सांगायचं आहे ते कपाट वर आलं त्या संध्याकाळचं. भिंतीला एका बाजूला खण लागले होते, दुसऱ्या बाजूला आडव्या कप्प्याचं टेबल उभं राहिलं होतं. ही टेबलाशी बसून पहिला गठ्ठा तपासून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा स्टूल सरकवत होते, खण उघडत होते, बंद करत होते. मी पेपरात तोंड घालून बसलो होतो. बॅगेकडे बघायचं धाडस होत नव्हतं. बराच वेळ आतून नुसत्या खणांचा आवाज येत राहिला.

मग एकदम बाबांचा आवाज आला. चढा, वैतागलेला. असा आवाज त्यांनी आल्यापासून आमच्या घरात एकदाही काढला नव्हता.

"अरे, माझा चिमटा कुणी हलवला? आपल्या घरात एक वस्तू म्हणून जागेवर सापडेल तर शपथ!"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ही पदराला हात पुसत दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि तितक्याच चढ्या आवाजात ओरडून उत्तर दिलं, "जिथे ठेवलात तिथेच असेल, बाबा! नीट बघा जरा!"